जेरी क्वारी: शौर्याच्या कौतुकाआड राहिलेला हिशेब

३ जानेवारी १९९९ रोजी अमेरिकी हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातील) मुष्टियोद्धा जेरी क्वारी वयाच्या ५३व्या वर्षी मरण पावला. तेव्हा त्याच्याविषयी जे लिहिले गेले आणि आजही त्याची आठवण निघाली की जे बोलले जाते, त्यात दोन वाक्ये हटकून येतात. पहिले असे की तो चुकीच्या काळात जन्माला आला; मोहम्मद अली, जो फ्रेझियर आणि केन नॉर्टन हे नामांकित मुष्टियोद्धे एकाच वेळी रिंगमध्ये नसते तर तो जगज्जेता झाला असता. दुसरे असे की तो कधीही मागे हटला नाही. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे आणि दोन्ही आदरानेच उच्चारली जातात. तरीही त्यांनी क्वारीच्या मृत्यूमागचे कारण, म्हणजे ठोशांनी त्याच्या मेंदूला झालेली इजा, झाकले जाते असे माझे म्हणणे आहे, कारण पहिले वाक्य सगळा दोष नशिबावर टाकते आणि दुसरे खुद्द त्याच्या स्वभावावर. ज्यांनी त्याला रिंगमध्ये उतरण्याची परवानगी दिली, ज्यांनी त्याच्या लढतींची तिकिटे विकली आणि ज्या राज्यांनी याबाबत नियमच केले नाहीत, त्यांचा उल्लेख या दोन्ही वाक्यांत कोठेच येत नाही.

क्वारीची कारकीर्द थोडक्यात सांगायला हवी, कारण हेवीवेट मुष्टियुद्धाच्या इतिहासात जगज्जेत्यांची नावे टिकतात आणि त्यांच्याशी लढलेल्या दावेदारांची पुसट होत जातात. १५ मे १९४५ रोजी कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे त्याचा जन्म झाला. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या प्रदेशातून पोटासाठी पश्चिमेकडे आलेल्या कष्टकरी कुटुंबांपैकी त्याचे एक कुटुंब होते, आणि वडिलांनी मुलांच्या हातात ग्लोव्ह्ज लहानपणीच चढवले. १९६५ मध्ये राष्ट्रीय गोल्डन ग्लोव्ह्ज स्पर्धा त्याने पाच प्रतिस्पर्ध्यांना नॉकआउट करून जिंकली आणि त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्याबद्दल १९६७ मध्ये मोहम्मद अलीचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले, तेव्हा रिकामे झालेले पद भरण्यासाठी वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनने आठ जणांची स्पर्धा घेतली. तीत क्वारीने माजी जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन आणि थॅड स्पेन्सर यांना हरवले, पण एप्रिल १९६८ मध्ये ओकलंडला झालेल्या अंतिम लढतीत जिमी एलिसने पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर त्याच्यावर मात केली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जो फ्रेझियरशी लढला. ‘रिंग’ मासिकाने वर्षातील सर्वोत्तम ठरवलेली ती लढत सात फेऱ्यांनंतर थांबवावी लागली. जगज्जेतेपदाची संधी त्याला त्यानंतर पुन्हा मिळाली नाही.

एकूण ६६ लढती, ५३ विजय, ४ बरोबरी आणि ९ पराभव. यातले नऊ पराभव जरा निरखून पाहावेत. एडी मेचन, एलिस, जॉर्ज शुवालो, केन नॉर्टन, दोनदा फ्रेझियर आणि दोनदा अली, असे आठ पराभव त्या काळातील नामांकित हेवीवेट मुष्टियोद्ध्यांकडून झाले. याच काळात त्याने रॉन लाईल आणि अर्नी शेव्हर्स यांच्यासारख्या, ज्यांच्यासमोर उभे राहायला इतर कचरत असत, अशा दोघांना १९७३ या एकाच वर्षात हरवले, आणि शेव्हर्सला तर पहिल्याच फेरीत. दुर्दैवी दावेदाराची जी कथा सांगितली जाते ती या आठ पराभवांवर उभी आहे. नववा पराभव त्या कथेत बसत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते क्वारीचे स्मरण त्या नवव्या पराभवापासून सुरू व्हायला हवे.

३० ऑक्टोबर १९९२ रोजी कोलोरॅडो राज्यातील अरोरा येथे, वयाच्या ४७व्या वर्षी, क्वारी सहा फेऱ्यांच्या लढतीसाठी रिंगमध्ये उतरला. समोरचा प्रतिस्पर्धी त्याच्याहून बराच तरुण होता आणि या प्रदेशाबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हते. क्वारीने सहा फेऱ्या मार खाल्ला, तो गुणांवर हरला आणि त्याला १,०५० डॉलर मिळाले. ही लढत झाली तेव्हा त्याच्या मेंदूला इजा झाल्याचे उघड होऊन नऊ वर्षे लोटली होती. १९८३ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाने मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला होणाऱ्या इजेवर एक विस्तृत लेख प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी ज्यांच्या तपासण्या झाल्या त्यांत क्वारी होता. तो वरवर ठणठणीत दिसत होता, नीट बोलत होता, आपल्याला काही झालेले नाही असे त्याला स्वतःला वाटत होते; मात्र मेंदूच्या प्रतिमा आणि स्मृती व आकलनाच्या चाचण्या वेगळे सांगत होत्या. हा अहवाल कोणाच्या कपाटात कुलूपबंद नव्हता. लक्षावधी वाचकांच्या साप्ताहिकात तो छापून आला होता. असे असूनही त्याच वर्षी क्वारीने पुनरागमन करून दोन लढती केल्या, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी ही अरोराची लढत झाली.

ही लढत होऊ कशी शकली, या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे आहे. त्या काळी कोलोरॅडोत बॉक्सिंगचे नियमन करणारे राज्य मंडळच नव्हते. अमेरिकेत व्यावसायिक मुष्टियुद्धाचे परवाने देणे हे प्रत्येक राज्याचे काम आहे. काही राज्यांत कडक मंडळे आहेत, काहींत नावापुरती आहेत, आणि काहींत त्या वेळी मुळीच नव्हती. परिणामी एखाद्या ठिकाणी दार बंद झाले की प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारे व्यावसायिक, नकाशा उघडत आणि उघडे दार शोधत. खुद्द अलीचेही तसेच झाले. १९८० मध्ये लॅरी होम्सकडून त्याची झालेली दशा पाहिल्यावर अमेरिकेतील मंडळे त्याला परवाना द्यायला नाखूश होती, म्हणून त्याची अखेरची लढत डिसेंबर १९८१ मध्ये बहामा बेटांवर झाली.

येथे क्वारीच्या आयुष्यातला एक विलक्षण योगायोग नोंदवला पाहिजे, कारण त्यात नियमनाच्या प्रश्नाची खरी गुंतागुंत आहे. २६ ऑक्टोबर १९७० रोजी अटलांटात अली साडेतीन वर्षांच्या बहिष्कारानंतर रिंगमध्ये परतला, तेव्हा त्याच्यासमोर क्वारीच होता. अलीला अमेरिकेत कोणतेही राज्य परवाना द्यायला तयार नव्हते. जॉर्जियात मात्र राज्याचे बॉक्सिंग मंडळ नसल्यामुळे हा निर्णय शहराच्या हातात होता, आणि राज्य विधिमंडळातील कृष्णवर्णीय सेनेटर लिरॉय जॉन्सन यांनी आपले राजकीय वजन वापरून अटलांटा शहराकडून ती परवानगी मिळवली. गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांचा विरोध होता, पण लढत रोखण्याचा कायदेशीर अधिकार त्यांच्याकडे नव्हता. तिसऱ्या फेरीत क्वारीच्या डाव्या डोळ्यावरची कातडी खोलवर फाटली आणि लढत तेथेच थांबली. नियामक मंडळ नसण्याच्या ज्या पोकळीने १९७० मध्ये एका मुष्टियोद्ध्याला राजकीय सूडातून सोडवले, त्याच प्रकारच्या पोकळीने १९९२ मध्ये दुसऱ्या मुष्टियोद्ध्याला अरोराच्या रिंगमध्ये नेऊन उभे केले. दोन्ही वेळी क्वारी तेथे होता, आणि दोन्ही वेळी ठोसे त्यानेच खाल्ले.

या योगायोगातून कोणी असा निष्कर्ष काढील की मंडळे असली तरी वाईट आणि नसली तरी वाईट. मला तो निष्कर्ष आळशीपणाचा वाटतो. अलीला परवाना नाकारणाऱ्या मंडळांनी त्याच्या प्रकृतीकडे पाहिलेच नव्हते. त्याने सरकारचा आदेश मोडला आणि तो जे बोलत होता ते त्यांना आवडत नव्हते, एवढेच त्या नकारामागे होते. परवाना देणाऱ्याचे काम मुष्टियोद्ध्याचे विचार तपासण्याचे नसून त्याचा मेंदू तपासण्याचे आहे. ज्या व्यवस्थेने १९६७ मध्ये नको तिथे कडकपणा दाखवला तीच १९९२ मध्ये हवा तिथे गैरहजर होती, आणि या दोन्हींचे मूळ एकच आहे: मुष्टियोद्ध्याच्या आरोग्याची जबाबदारी आपली आहे असे कोणत्याही यंत्रणेला मनापासून वाटलेच नव्हते.

अज्ञानाची सबब येथे चालणार नाही. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला कायमची इजा होते हे क्वारीच्या जन्माआधी सतरा वर्षे, म्हणजे १९२८ मध्ये, हॅरिसन मार्टलँड या शवचिकित्सातज्ज्ञाने अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिले होते. झोकांड्या खाणारी चाल, जड झालेली जीभ, मंदावलेली हालचाल आणि पुढे बुद्धीचा ऱ्हास, असे सगळे वर्णन त्यात आहे. क्वारी आणि फ्रेझियर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढले त्या १९६९ साली ब्रिटनमध्ये डॉ. रॉबर्ट्स यांनी २२४ निवृत्त व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची पाहणी प्रसिद्ध केली आणि त्यांतील सुमारे १७ टक्के लोकांच्या मज्जासंस्थेला इजा झाल्याचे दाखवले. ज्यांच्या लढती अधिक आणि कारकीर्द लांब, त्यांच्यात हे प्रमाण वाढत गेलेले होते. ज्या १९७३ साली क्वारीने लाईल आणि शेव्हर्स यांना हरवले, त्याच वर्षी कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा मृत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. अमुक लढतीत अमुक गडी कोसळला, हे ज्या देशात दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना ठाऊक असे, त्याच देशात हे निष्कर्ष मात्र डॉक्टरांच्या नियतकालिकांतून बाहेर पडत नव्हते.

आता मागे न हटण्याच्या कौतुकाकडे येतो. क्वारी घराण्यात माघार नाही, असे त्या कुटुंबाचे जणू घोषवाक्य होते आणि जेरीच्या प्रत्येक मृत्युलेखात ते कोठे ना कोठे आले. कष्टकरी बापाने गरिबीशी झगडताना मुलांना दिलेली ती शिकवण होती आणि तिच्यात खोटे काही नव्हते. मात्र व्यावसायिक मुष्टियुद्धात या गुणाला बाजारभाव असतो. मार खाऊनही उभा राहणारा गोरा, लढाऊ, तिकिटे खपवणारा हेवीवेट मुष्टियोद्धा म्हणून क्वारीला मागणी होती. चपळ, मार चुकवणारा मुष्टियोद्धा जाणकारांना आवडतो. समोरासमोर उभा राहून दोन खाऊन तीन मारणारा सामान्य प्रेक्षकाला आवडतो. क्वारी मुळात प्रतिहल्ल्यात तरबेज होता. समोरच्याला आधी मारू द्यावे आणि त्याच्या चुकीवर झडप घालावी, हे त्याचे खरे कौशल्य होते. १९६९ मध्ये फ्रेझियरसमोर मात्र तो पहिल्या फेरीपासून गर्दीला हवे तसे लढला. त्याचा परिणाम रिंगमध्ये त्याच रात्री दिसला. मेंदूवर झालेला परिणाम दिसायला पुढची अनेक वर्षे लागली. ज्या गुणामुळे माणूस खचत जातो त्याच गुणाचे त्याच्या मृत्यूनंतर आपण गोडवे गातो, तेव्हा पुढच्या पिढीतील वीस वर्षांच्या मुष्टियोद्ध्याला आपण काय शिकवत असतो, याचा विचार क्रीडालेखकांनी करायला हवा.

‘गोरा’ हा शब्द मी वर मुद्दाम वापरला. कृष्णवर्णीय जगज्जेत्यांना हरवू शकेल असा गोरा गडी शोधण्याची अमेरिकेतील धडपड विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून, जॅक जॉन्सन या पहिल्या कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेत्याच्या काळापासून चालत आलेली होती. क्वारीला ही उपाधी नकोशी होती, पण तिचा फायदा त्याला मिळाला हेही नाकारता येत नाही. तेवढ्याच गुणवत्तेच्या कृष्णवर्णीय दावेदारांपेक्षा त्याला मोठ्या लढती आणि मोठ्या रकमा सहज मिळाल्या. त्याला निव्वळ बळी म्हणून रंगवणारे लेख ही बाजू गाळतात, ते बरोबर नाही. मला मात्र यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या वंशवादी बाजाराने त्याला वर चढवले, त्यालाही क्वारी या माणसाशी काही देणेघेणे नव्हते. त्याच्या कातडीचा रंग विकला जात होता, आणि तो विकला जाईनासा झाला त्या दिवशी बाजाराने त्याच्याकडे पाठ फिरवली. १९९५ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा समारंभात चाहत्यांना स्वतःचे नाव लिहून देणेही त्याला जमत नव्हते. कपडे घालायला आणि जेवायला त्याला दुसऱ्याची मदत लागत होती, आणि ती मदत भाऊ आणि आई करत होते. चार वर्षांनी न्यूमोनियाने त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि तेथेच त्याची हृदयक्रिया बंद पडली.

हे एकट्या क्वारीचे दुर्दैव होते असे म्हणावे, तर त्याच्या घराकडे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांकडे पाहावे. २७ जून १९७२ रोजी लास वेगासमध्ये जेरी अलीकडून सातव्या फेरीत हरला, आणि त्याच रात्री त्याच रिंगमध्ये त्याचा धाकटा भाऊ माइक लाइट हेवीवेट जगज्जेता बॉब फॉस्टरकडून चौथ्या फेरीत बेशुद्ध पडला. माइकही २००६ मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी, मुष्टियुद्धातून आलेल्या स्मृतिभ्रंशानेच गेला. जेरीला गुणांवर हरवणारा जिमी एलिस पुढे त्याच व्याधीच्या आहारी गेला. भारतातील काही वाचकांना हा एलिस आठवत असेल. जानेवारी १९८० मध्ये अली मद्रासला आला तेव्हा नेहरू स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांसमोर त्याच्याशी प्रदर्शनीय लढत खेळणारा तोच. फ्लॉइड पॅटरसन तर न्यूयॉर्क राज्याच्या बॉक्सिंग मंडळाचा अध्यक्ष झाला होता, आणि १९९८ मध्ये एका साक्षीच्या वेळी स्वतःच्या कारकिर्दीतील ठळक गोष्टीही आठवेनात म्हणून त्याला ते पद सोडावे लागले. अलीच्या पार्किन्सनविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रत्येकाच्या आजारात ठोशांचा वाटा किती आणि वयाचा व अनुवंशिकतेचा किती, हे नेमके वेगळे काढता येत नाही, आणि पॅटरसनच्या अल्झायमरबाबत तसा दावा मी करणार नाही. तरीही १९६७ च्या त्या एकाच स्पर्धेतून आणि तिच्या आगेमागे जेरीने ज्यांच्याशी दोन हात केले त्यांतले एवढे जण अशा अवस्थेत जातात, तेव्हा एकट्याच्या दुर्दैवाचा सिद्धान्त टिकत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा घेतला जातो की क्वारी सज्ञान होता, त्याने स्वतःच्या इच्छेने हा व्यवसाय निवडला, पैसे कमावले, आणि अरोरालाही तो स्वतःहून गेला. स्वातंत्र्याची कदर असलेल्या कोणालाही हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. मला तो १९६५ च्या क्वारीबाबत बऱ्याच अंशी मान्य आहे. वीस वर्षांच्या त्या तरुणाला धोका पत्करण्याचा हक्क होता, जरी त्या धोक्याची खरी माहिती त्याला कोणी दिली नव्हती. १९९२ च्या क्वारीबाबत मात्र हा आक्षेप लागू पडत नाही, कारण या इजेने सर्वांत आधी जे हिरावून घेतले जाते ते स्वतःच्या अवस्थेचे भान. आपल्याला काही झालेले नाही, अजून एक लढत जमेल, हे वाटणे हाच त्या आजाराचा एक भाग असतो. ज्याची निर्णयशक्ती व्यवसायानेच खिळखिळी केली आहे, त्याच्या संमतीचा कागद पुढे करून तो व्यवसाय मोकळा होऊ शकत नाही. म्हणूनच मुष्टियोद्ध्याला थांबवण्याचा अधिकार त्याच्याबाहेरच्या, त्याच्या कमाईत हितसंबंध नसलेल्या कोणाकडे तरी असावा लागतो.

मग सरळ बंदीच का नको? डॉक्टरांच्या संघटनांनी ही मागणी केलेली आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन १९८२ पासून ती करत आली आहे आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही १९८४ मध्ये मुष्टियुद्ध बंद व्हावे असा ठराव केला. प्रतिस्पर्ध्याच्या मेंदूला क्षणभर निकामी करणे हेच ज्या खेळात सर्वोच्च यश मानले जाते तो खेळ इतर धोकादायक खेळांहून वेगळा आहे, हा त्यांचा मुद्दा तर्काने खोडता येत नाही, आणि मी खोडत नाही. माझी शंका बंदीच्या परिणामाविषयी आहे. नॉर्वेने १९८१ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली. त्यानंतर तेथील सेसिलिया ब्रेकहुससारखी जगज्जेती परदेशात लढत राहिली, पैसा परदेशात गेला, देखरेखही परदेशी मंडळांच्या हाती गेली, आणि २०१४ मध्ये ती बंदी उठवावी लागली. क्वारी जर कोलोरॅडो शोधू शकला, तर बंदीनंतरचे त्याचे वारसदार आणखी दूरचे आणि आणखी अंधारे ठिकाण शोधतील. गरिबीतून वर येण्याचा एखादा मार्ग लोकांना दिसत असेल, तर तो बुजवण्यापेक्षा त्यावर पहारा बसवणे मला अधिक शक्य कोटीतले वाटते.

अमेरिकेने काहीच केले नाही असे नाही. १९९६ मध्ये केंद्रीय स्तरावर व्यावसायिक मुष्टियुद्ध सुरक्षा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक मुष्टियोद्ध्याची नोंदणी आणि ओळखपत्र आवश्यक झाले, लढतीआधी वैद्यकीय तपासणी व रिंगजवळ डॉक्टर बंधनकारक झाले, वैद्यकीय कारणाने एका राज्याने केलेले निलंबन इतर राज्यांनीही मानावे असे ठरले, आणि ज्या राज्यात मंडळ नाही तेथेही दुसऱ्या राज्याच्या मंडळाच्या देखरेखीशिवाय लढत घेता येणार नाही अशी तरतूद झाली. म्हणजे अरोराचे दार बऱ्यापैकी बंद झाले, आणि याचे श्रेय दिले पाहिजे. २००० मध्ये अलीच्या नावाने जो कायदा झाला तो मुख्यतः प्रमोटर आणि मॅनेजर यांच्या आर्थिक लबाड्यांना आळा घालण्यासाठी होता. दोन्ही कायद्यांनी एक गोष्ट मात्र सोडून दिली: कारकीर्द संपल्यावर, आजार वर आल्यावर, सांभाळायचे कोणी? ठोशांचा परिणाम दहा, पंधरा, वीस वर्षांनी दिसतो, आणि रिंगजवळ बसलेला डॉक्टर त्या रात्रीपुरता असतो.

या बाबतीत कॅलिफोर्निया राज्याचा अपवाद अभ्यासण्याजोगा आहे. तेथे १९८२ पासून मुष्टियोद्ध्यांसाठी राज्याची निवृत्तिवेतन योजना आहे. प्रत्येक तिकिटामागे एक छोटी रक्कम निधीत जाते आणि ठरावीक फेऱ्या खेळलेल्या मुष्टियोद्ध्याला पन्नाशीनंतर तिचा लाभ मिळतो. अन्य कोणत्याही राज्याने असे केलेले नाही. या योजनेच्या मर्यादा स्पष्ट आहेत. त्या राज्यातल्याच फेऱ्या मोजल्या जातात, मिळणारी रक्कम दीर्घकालीन शुश्रूषेला पुरणारी नसते, आणि ज्याची स्मरणशक्ती गेली आहे त्यानेच अर्ज करावा अशी अपेक्षा असल्यामुळे अनेकांचे पैसे पडून राहतात. (हे शेवटचे कलम कोणी विनोद म्हणून लिहिले असते तर ते क्रूर वाटले असते.) पण तत्त्व बरोबर आहे: ज्या उत्पन्नासाठी इजा झाली त्याच उत्पन्नातून तिचा खर्च निघावा. अमेरिकी फुटबॉलपटूंनी आपल्या लीगविरुद्ध सामूहिक दावा लावून मेंदूच्या आजारांसाठी मोठी भरपाई मिळवली, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्या तडजोडीला मान्यता दिली. मुष्टियोद्ध्यांना हे जमले नाही, कारण त्यांची लीगच नाही. प्रमोटर येतात आणि जातात, जगज्जेतेपदे वाटणाऱ्या चार-चार संघटना आहेत, टीव्ही कंपन्या बदलतात, आणि खटला भरायचा तर कोणावर, हाच प्रश्न उरतो. जबाबदारी इतकी विखुरलेली आहे की ती कोणाच्याच वाट्याला येत नाही.

म्हणून निधी केंद्रीय असावा लागेल, आणि तो तिकिटांपुरता ठेवून भागणार नाही, कारण आज मोठ्या लढतींचा पैसा प्रक्षेपणात आहे. प्रक्षेपणाच्या आणि घरबसल्या पैसे भरून लढत पाहणाऱ्यांच्या रकमेतून ठरावीक वाटा त्यात गेला पाहिजे. लाभ अर्जावर अवलंबून नसावा. नोंदणीकृत प्रत्येक मुष्टियोद्ध्याला निवृत्तीनंतरही ठरावीक वर्षांनी तपासणीला बोलावणे ही निधीचीच जबाबदारी असावी. क्लीव्हलँड क्लिनिकने लास वेगासमध्ये २०११ पासून शेकडो लढवय्यांच्या मेंदूचा वर्षानुवर्षे माग ठेवण्याचा अभ्यास चालवला आहे, म्हणजे अशी दीर्घ नोंद ठेवणे शक्य आहे हे दिसलेच आहे. प्रमोटर म्हणतील की यामुळे छोट्या गावांतल्या, शे-दोनशे प्रेक्षकांच्या लढती परवडेनाशा होतील. काही बंद पडतीलही. १,०५० डॉलरमध्ये एका सत्तेचाळीस वर्षांच्या जखमी मेंदूवर सहा फेऱ्या ठोसे मारून घेणारी लढत बंद पडली तर त्यात मला नुकसान दिसत नाही.

राहता राहिले मृत्युलेखांचे. क्रीडालेखक मुष्टियोद्ध्याची कारकीर्द सांगताना विजय, पराभव, बरोबरी आणि नॉकआउट असे चार आकडे देतात, आणि क्वारीच्या नावापुढेही ते ५३, ९, ४ आणि ३२ असे छापलेले आढळतात. सरावात त्याने जे हजारो ठोसे खाल्ले ते यात नाहीत. १९८३ ची तपासणी यात नाही. तिच्यानंतर कोणत्या राज्याने त्याला लढू दिले, कोणत्या प्रमोटरने करार केला, कोणत्या डॉक्टरने तंदुरुस्तीचा दाखला दिला किंवा कोणीच दिला नाही, हेही यात नाही. माणूस गेल्यावर ही माहिती मागितली की कुटुंबाच्या खासगीपणाचा मुद्दा काढला जातो. क्वारीच्या कुटुंबाने तर त्याची अवस्था तो जिवंत असतानाच जगासमोर मांडली आणि इतर मुष्टियोद्ध्यांच्या मदतीसाठी त्याच्या नावाने संस्थाही उभी केली. माहिती दडवण्यात ज्यांचा फायदा आहे ते वेगळेच आहेत, आणि पुढचा दावेदार मरण पावेल तेव्हा पत्रकारांनी पहिला दूरध्वनी त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांना करण्याऐवजी त्याला शेवटचा परवाना देणाऱ्या कार्यालयाला करावा.